पाणी वाहिल्याशिवाय नाही!

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे, जेमतेम अंगठ्याएवढा. घरामागच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवणाऱ्या गॅस हीटरच्या पोटात मी राहतो. पाणी जोरात वाहू लागलं की मी दाबला जातो आणि मगच आत ज्योत पेटते. जोर कमी असेल तर मी साफ नाही म्हणतो. कारखान्यातून निघालो तो हाच हट्ट घेऊन.

कित्येक वर्षं माझी कुणी दखलच घेतली नाही. घरची मुलं पोहताना कौतुक करायची ते हीटरचं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. कोमट पाण्यात चालण्याचा व्यायाम सुरू झाला. आजी काठावर बसून धीर द्यायची. पाय जरा उचलला जाऊ लागला आणि नेमका हीटर पेटेना! गार पाण्यात पाय आखडायचे. आठवडाभरानं आजोबा म्हणाले, "राहू दे आता. झालं तेवढं चालणं पुरे."

ते ऐकून त्यांच्या लेकीनं तडक मेकॅनिकला बोलावलं. त्यानं गॅस तपासला, ठिणगी तपासली. दोन्ही ठीक. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा स्विच अडवतोय."

"मग त्याला वगळून वायर जोडा ना."

"नको ताई. पाणी कमी असताना पेटला तर आतल्या नळ्या जळतील. हा उगाच अडवत नसणार."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझी बाजू घेतली. मी आणखी घट्ट अडून बसलो.

त्यानं गाळणी उघडली, तर ती स्वच्छ. पाइपावरून हात फिरवत तो काठाजवळच्या व्हॉल्व्हपाशी थांबला. "हा अर्धा बंद कुणी केला?"

"मी," आजी हळूच म्हणाली. आठवडाभर हीटरच्या नावानं सगळ्यात जास्त बोटं मोडली होती ती तिनंच! "तलावात येणाऱ्या पाण्याच्या धारेनं यांचा तोल जायचा हो. पडले असते तर?"

मेकॅनिकनं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी धावत आलं, मी दाबला गेलो आणि ज्योत भक्कन पेटली.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादी वस्तू अडून बसली तर तिला उपटून फेकण्याआधी ती का अडली ते बघा.

दुसऱ्या दिवशी आजोबा पाण्यात उतरले. धार लागताच डगमगले, काठाला धरून राहिले. आजीचा हात व्हॉल्व्हकडे गेला.

"अगं, हात काढ तिथून!" आजोबा ओरडले. "वाहू दे. मी उभा राहतो."

आजीनं हात मागे घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा आजोबा काठ सोडून उभे होते.