सान तेल्मोच्या वायफायला कडी

मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या सान तेल्मो गावाने सभेत हात वर करून ओदिलियाला वर्षभरासाठी वायफायची राखणदार केलं. वायफायचा सिग्नल पोचवणारे गावाचे दोन रेडिओ, एक पंचायतीच्या छतावर, दुसरा समोरच्या टेकडीवर, आता तिच्या हवाली. आधीचे राखणदार अबुंदिओकाका. किल्ल्या देताना त्यांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी चौकात हशा पिकला. गावाच्या वायफायचं नावच बदललं होतं: "ओदिलियाचं चॉकलेट पांचट"!

चौकात चॉकलेटचं पेय विकणारी ओदिलिया लालबुंद. तिला हे काम शिकवणाऱ्या शहरातल्या शिक्षिकेला, नेरेइदाला, तिने फोन लावला.

"पासवर्ड काय ठेवलायस?"

"तोच. खोक्यावर छापलेला."

"अगं, म्हणजे दाराला कडीच नाही! चौकात बसून कुणीही आत शिरेल. आधी कंप्युटरला केबल लाव, वायफायवरून आत जाऊ नकोस. रेडिओच्या सेटिंगचं साधं 'http' पान बंद करून सुरक्षित 'https' पानच चालू ठेव. दोन्ही रेडिओंना वेगवेगळे, लांबलचक पासवर्ड दे. शेवटी, आत यायची वाट फक्त तुझ्या कंप्युटरच्या नेटवर्क-पत्त्यापुरती ठेव. पण त्या पत्त्यातला एक आकडा चुकलीस, तर तूच बाहेर!"

चुकलं तर टेकडीवर जाऊन रेडिओ पुन्हा पहिल्यापासून लावावा लागणार; टेकडी म्हणजे दीड तासाची चढण, आणि ओदिलियाचे गुडघे कुरकुरणारे. तिने प्रत्येक आकडा बोट ठेवून तीनदा वाचला, मगच बटण दाबलं. वायफायचं नावही पूर्ववत केलं.

तेवढ्यात अबुंदिओकाका धापा टाकत आले. "काय करून ठेवलंस? आत जाताच येईना!"

"कशाच्या आत, काका?"

काकांनी टोपी काढली. "नाव नीट करायलाच चाललो होतो गं. बायकोला कळलं, तिने सकाळपासून जेवायला वाढलं नाही."

"पण केलंत कशाला?"

"तीन वर्षं सांभाळलं. जाताना कुणी साधं 'छान सांभाळलंत' म्हटलं नाही."

ओदिलियाचा राग निम्मा ओसरला. तिने काकांना वेगळं खातं उघडून दिलं. "सगळं बघा. बदलता मात्र काही येणार नाही."

काकांनी चष्मा सावरला. "टेकडीवरच्या सिग्नलचा जोर घटलाय. फांदी आडवी आली असणार."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कोयता घेऊन चढले. खाली ओदिलिया पडद्यावरचे आकडे पाहत फोनवर ओरडत होती, "वाढला! अजून एक फांदी!"

"आता झाडच उरलं नाही, बाई," वरून काका म्हणाले, "मलाच तोडू का?"