हाडानं धरलेली दांडी

कंबरेखालचं अंग बधिर होतं, पण वेणूचे कान जागे होते. हिरव्या पडद्यापलीकडे हातोडा चालला होता आणि प्रत्येक ठोक्याला ती टेबलासकट हलत होती. दुखत काहीच नव्हतं. त्यामुळेच अंगावर काटा येत होता. जणू आत दुसऱ्याच कुणाच्या घराचं दार फोडत होते.

खुब्याचा सांधा बदलून तिला बरीच वर्षं झाली होती. त्याच सांध्यावर ती कर्नाळ्याचा गड चढली, निकेशच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या हळदीत दमेपर्यंत नाचली. यंदा चप्पल लागून पायाला जखम झाली, साखरेच्या आजारामुळे चिघळली आणि जंतू रक्तातून थेट खुब्यात शिरले. पनवेलचे हाडांचे डॉक्टर नोमान म्हणाले होते, "मावशी, जंतू धातूला चिकटून बसलेत. नुसत्या औषधानं जायचे नाहीत. मांडीच्या हाडात बसवलेली सांध्याची दांडी काढावी लागेल."

"काढा," वेणू म्हणाली होती. तिला वाटलं होतं, लाकडातला खिळा उपटतात तसं असेल.

हातोडा थांबला.

"तसूभरही हलत नाही," नोमान कुणाला तरी म्हणाले. "जंतूंनी सैल केली असेल असं वाटलं होतं. आता हाड चिरावंच लागेल."

"कोनाचा हाड?" वेणूनं विचारलं.

नोमान पडद्याच्या बाजूनं तिच्या डोक्याशी आले.

"मावशी, तशी वेळ येऊ शकते हे मी निकेशला सांगितलं होतं. तो बोलला नाही तुमच्याशी?"

"मना कोनी काय नाय सांगितला."

मास्कवरचे त्यांचे डोळे क्षणभर मिटले. "चूक माझी आहे, तुम्हालाच सांगायला हवं होतं. मांडीचं हाड उभं चिरून खिडकीसारखं उघडायचं, दांडी काढायची, मग तारेनं परत बांधायचं. हाड जुळून येतं."

"नाय केला तं?"

"जंतू आतच राहतील. पसरतील."

पोटचा पोर, आणि एवढी गोष्ट गिळून बसला! "करा," ती म्हणाली, "पन मना ऐकू नको येव दे." भुलीच्या डॉक्टरांनी सुईतून औषध सोडलं आणि सगळं विझलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं ती दांडी बघायला मागितली. नोमान स्टीलच्या ट्रेमधून घेऊन आले. खालचा अर्धा भाग चमच्यासारखा लखलखीत होता. वरचा मात्र वाळू थापल्यासारखा खरबरीत, आणि त्या खरबरीत भागात पांढरे कपचे रुतून बसले होते.

"ता का हाय?"

"तुमचं हाड. गुळगुळीत भागाला हाड धरत नाही, नुसतं टेकून राहतं. वर बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. हाड त्यांत वाढत जातं, धातूला आपलंच समजतं. म्हणून तर तुम्ही इतकी वर्षं चाललात."

वेणू बघतच राहिली. हे लोखंड परक्याचं, आपण नुसतं वागवतो, असंच तिला वाटत आलं होतं. आणि तिचं हाड तिला न विचारता त्याच्यात शिरून बसलं होतं! तिला उमाळा आला. ट्रे बाजूला सारून ती भिंतीकडे वळली.

निकेश दारात उभा होता. "आई, तू घाबरशील म्हणून..."

"माजा पाय हाय," ती वळून न बघता म्हणाली. "मीच घाबरनार ना?"

त्यानं खुर्ची ओढली आणि पलंगाशी बसला. संध्याकाळी तिनंच त्याला चहा आणायला पाठवलं.

खुब्यात सांध्याच्या जागी जंतू मारायचं औषध मिसळलेला, हाडांसाठीच्या सिमेंटचा गोळा ठेवून तिनं काही महिने काढले. रक्त स्वच्छ झाल्यावर नोमान नवीन दांडीचा नमुना घेऊन आले आणि या वेळी सगळं तिच्यासमोर बसून बोलले. ही दांडी आणखी लांब होती, जवळजवळ शेवटापर्यंत खरबरीत.

"गुलगुलीत नाय का? निंगाला बरी."

"निघेल सहज. पण त्याआधी आतल्या आत हलायला लागेल. प्रत्येक पावलाला कळ येईल."

वेणूनं खरबरीत भागावरून बोट फिरवून पाहिलं. मग हीच बसवा म्हणून तिनं मान हलवली.

ती दांडी बसवल्यानंतरच्या एका तपासणीत नोमाननी एक्स-रे उजेडावर धरला. "हाड धरतंय, मावशी!"

निकेशनं आनंदानं तिचा खांदा दाबला. वेणूला मात्र हसू फुटेना; हाडानं धरलेलं पुन्हा काढायचं तर हाडच चिरावं लागतं, हे तिला आता ठाऊक होतं. वॉकरच्या दांड्या घट्ट धरून ती त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे बघत राहिली, आणि पुढचं पाऊल टाकायला तिला जरा वेळ लागला.