सरपंचाचं तिसरं पोर

ठमाबाईचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. कोर्टाचा निकाल लागला होता आणि राजेश सरपंचपदावर कायम राहिला होता. तिसरं अपत्य असल्याचं सिद्ध होत नाही, सबब उमेदवार पात्रच होता, असं कोर्ट म्हणालं. साक्षीदार ठमाबाई विश्वासार्ह वाटत नाही, असंही वर म्हणालं.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर चाळीस वर्षं जिने बाळंतपणं केली, ती म्हणे विश्वासार्ह नाही. सात वर्षांपूर्वी घाटात दरड कोसळून दवाखान्याची गाडी अडकली, तेव्हा हाच राजेश चिखलाने माखलेला तिच्या दारात हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोची, उज्वलाची, तिसरी मुलगी सेजल ठमाबाईच्याच हातात जन्मली. पण दोन मुलांचा नियम आड आला आणि दाखल्यावर सेजलचे आईबाप झाले मुंबईतले काका-काकू. पोर मात्र चार दिवससुद्धा मुंबईला राहिली नाही.

निवडणुकीत पडलेल्या सदूने तक्रार केली आणि ठमाबाईला साक्षीला नेलं. सदूही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे ती ओळखून होती. विचारलं म्हणून तिने झालं ते सांगितलं, एवढंच. राजेशच्या वकिलाने विचारलं, "नोंदवही कुठाय?" तिला लिहिता कुठे येत होतं? "पोरीची नाळ नि वार कुठं पुरली ती जागा दाखवते, चला," ती म्हणाली. सगळे हसले. मोबाइलवर बातम्या देणाऱ्या मंगेशने तेवढंच उचललं: 'आजीबाईंचा अजब पुरावा'. लाखभर लोकांनी ते पाहिलं, आणि मुंबईच्या नातवाने फोन करून उलट तिलाच झापलं. सदूच्या वकिलाने पोरीचं रक्त तपासा म्हटलं, तर पोरीच्या मनावर परिणाम होईल म्हणून कोर्टाने नकार दिला. तीन वर्षं नुसत्या तारखा पडल्या. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही घाट चढून उज्वलाच्या अंगणात पाच मिनिटं उभं राहावंसं वाटलं नाही, याचा तिला भयंकर संताप यायचा.

देवळासमोर गुलाल उधळला जात होता आणि हार घातलेल्या राजेशशेजारी उज्वला बसली होती. ठमाबाई तरातरा तिथे पोचली, तसा मंगेशने माइक पुढे केला. "आजी, आता सरपंचांची माफी मागणार का?"

"माफी? तीन वर्सं माझी टवाळी दाखवलीस रे. लाज हाय का नाय तुला? जा, त्या पोरीच्या आईला इचार, पोर कुणाची."

तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. घाबरून पळताना सेजल पायरीवर आपटली. गुडघा फुटला. "आई," म्हणून तिने भोकाड पसरलं. उज्वला अर्धी उठली. राजेशने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती परत बसली. मंगेशने मोबाइल राजेशच्या हाराकडे वळवला.

ठमाबाईने पोरीला उचलून उज्वलाच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "घे गो. तुझी हाय ती. माझ्यासमोर तरी नाय म्हणू नको."

उज्वलाचे हात पदरातच राहिले. सेजलने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माइककडे. घरी घोकवून घेतलेलं तिला आठवलं असावं. हुंदका गिळून ती म्हणाली, "काकू, मला लागलंय."