अकरा सुऱ्या

धारवाल्या काकांना नीट दिसत नाही, हे गल्लीत काका सोडून सगळ्यांना मान्य होतं. ते रोज वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि रेडिओवर ऐकलेल्या बातम्या त्यातून वाचल्यासारख्या सांगायचे. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं, तेव्हा लेकीला म्हणाले, "त्या डॉक्टरलाच जाड भिंगाचा चष्मा. त्याचं काय ऐकायचं?"

खरं म्हणजे काका घाबरले होते. जन्मभर पात्यांना धार लावली, पण तसलंच एखादं पातं आपल्या डोळ्याजवळ येणार या कल्पनेनेच त्यांना दरदरून घाम फुटायचा.

लेक हट्टाला पेटली, तेव्हा त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "चौकातल्या कबाबवाल्याच्या अकरा सुऱ्या एकोणीस वर्षं रोज सकाळी माझ्याकडे येतात. एक तक्रार नाही. दिसत नसतं तर धार लागली असती का?"

"मग बघूनच येऊ," लेक म्हणाली. "धार ठीक असली तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नसली तर तुम्ही निमूट यायचं."

काका एका पायावर तयार झाले. गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत त्यांनी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. दुपारी आपलं दुकान सोडवत नसे आणि संध्याकाळी गुडघे साथ देत नसत.

रविवारी दुपारी ते गेले आणि दारातच थबकले. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. हमाल, वकील, लेकुरवाळ्या बायका, कॉलेजची पोरं, सगळे एकाच लांबलचक बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि कोणाला कोणाची अडचण नाही. कट्ट्यामागे माणसाच्या उंचीची सळई उभी होती. तिच्यावर रचलेलं मांस निखाऱ्यांपुढे सावकाश फिरत होतं. काकांना ते धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं, पण चरबीचा थेंब पडला की विस्तव चर्र करी, ते लख्ख ऐकू येत होतं. त्या वासाने तर त्यांना सकाळचा नाश्ता झालाय हेही आठवेना.

कट्ट्याला लागूनच जागा मिळाली. पाठमोरा उभा राहून कापत होता तो कबाबवाला, सगळ्यांचा उस्ताद. रोज सकाळी सुऱ्यांची पिशवी घेऊन येणारा तोच. त्याची सुरी वरून खाली सर्रकन उतरे आणि पापुद्रा अलगद सुटून ताटलीत पडे. कुठे अडणं नाही, ओढणं नाही. काका कान देऊन ऐकत राहिले. या सुऱ्यांचा आवाज त्यांनी आजवर फक्त दगडावर ऐकला होता. इथे येऊन त्या काय करामत करतात, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

ताटली आली. काकांनी एक पापुद्रा उचलून खिडकीकडे धरला, तर उजेड आरपार. तोंडात टाकला आणि तो विरघळलाच.

"एवढी माणसं रोज माझ्या धारेवर जेवतात," ते लेकीला म्हणाले. "आणि मला माहीतच नव्हतं गं."

आपण हरलो हे लेकीला दिसत होतं, पण बाबांचा चेहरा पाहून तिला त्याचं वाईटही वाटेना.

तेवढ्यात उस्तादाने सुरी बदलली. नवी घेतली, नखावर टेकवून धार पाहिली आणि तो कट्ट्याखाली वाकला. काकांचा घास तोंडातच राहिला. तो आवाज त्या गोंगाटात दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. दगडावर पातं ओढल्याचा आवाज. सहा वेळा या अंगाने, सहा वेळा त्या अंगाने. मग पुढची सुरी, तिचीही तीच तऱ्हा.

काका उठले आणि कट्ट्याला धरून उभे राहिले. "आज सकाळीच ना रे माझ्याकडून धार लावून नेल्यास या?"

उस्ताद चपापून वळला. "काका, तुम्ही?"

"किती दिवस चाललंय हे?"

समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. उस्ताद पुन्हा कापायला लागला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वर्ष होत आलं."

"मग माझ्याकडे आणतोस कशाला?"

"तुमच्याकडे नाही आणायच्या तर कुठे नेऊ, काका?"

एवढ्या गर्दीत, एवढ्या धगीत हा माणूस रोज अकरा सुऱ्यांना पुन्हा धार लावतो, दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीत भरून आणतो आणि वर म्हणतो, तुमच्यासारखा हात कोणाचा नाही. आपल्याला लाज वाटायला हवी, हे काकांना कळत होतं. पण वाटत होतं ते भलतंच काहीतरी, छातीत न मावणारं.

"दे ती इकडे," ते म्हणाले.

उस्तादाने मूठ पुढे करून सुरी दिली. काकांनी अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"टोकाकडे जरा हात जड पडतो तुझा," ते म्हणाले. "बाकी झकास. वर्षभरात माझ्याकडून अशी झाली नाही."

सुरी परत देऊन ते बाकाकडे वळले आणि लेक जिथे बसली असावी असं वाटलं, तिकडे तोंड करून म्हणाले, "डॉक्टरला उद्याच विचार. दोन्ही डोळे एकदम करतो का, म्हणावं."