सीट मरून हवी होती

"चांगदेवराव, एक विचारतो. राग मानू नका."

"विचारा ना, साहेब."

"सीट हिरवी का केलीत?"

चांगदेव तरे फोन कानाला लावून भिवंडीत कामतघरच्या चाळीत आपल्या खोलीच्या दारात उभा होता. समोरच्या कारखान्यातले कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून त्याने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"हिरवी?"

"हो. खऱ्या इंजिनाच्या फोटोत ती मरून रंगाची आहे. ब्रेकचं हँडल, घड्याळं, काचेवरचा पंखा, सगळं पाहून मी खूश झालो. मग भिंग लावलं, तर सीट हिरवीगार."

फोनवर डोंबिवलीचे कुमार ओक होते. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस घरात छोट्या रेल्वेगाड्या जमवायचा. खऱ्या इंजिनासारखंच इंजिन, फक्त वीतभर लांबीचं. बाहेरून सगळं हुबेहूब, पण खिडकीतून आत पाहिलं तर काळोख. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये काहीच नसायचं. ते आतलं सगळं चांगदेव करून द्यायचा. इंजिनाचं छप्पर अलगद काढून अंगठ्याच्या नखाएवढी सीट बसवायची, रेफिलच्या नळीचे काप लावून घड्याळं करायची, लूमच्या बारीक तारेचं हँडल वाकवायचं. अकरा वर्षं तो हे काम करत होता. आजवर एकही इंजिन परत आलं नव्हतं.

"लाइट गेलेली तेव्हा," तो म्हणाला. "पाठवा परत. करून देतो."

फोन ठेवल्यावर तो टेबलाशी येऊन बसला. रंगाच्या बारक्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. त्यातल्या दोन उचलून त्याने दाराच्या उजेडात धरल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

तेविसाव्या वर्षी चांगदेव रेल्वेची परीक्षा पास झाला होता. असिस्टंट ड्रायव्हरची जागा होती. बापाने आपल्या पूर्णा गावात पेढे वाटले. पोरं त्याला "ए डायवर" म्हणून हाक मारू लागली. मग मेडिकल झालं. डॉक्टरने एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके होते आणि त्या ठिपक्यांत आकडे लपलेले होते. चांगदेवला एकवीस दिसले, म्हणून त्याने एकवीस सांगितलं. डॉक्टरने पुस्तक मिटलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. व्हरांड्यात त्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर होतं की रं ते."

गावात येऊन त्याने सांगितलं, उंची अर्धा इंच कमी पडली. अर्ध्या इंचाला कोण हसणार? लोक हळहळले. डायवर हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

मग तो कामतघरला लूमवर लागला आणि हळूहळू चांगला फिटर झाला. भिवंडीत कोरं कापड विणतात, रंगवायला ते दुसरीकडे जातं. सूतही कोरं, कापडही कोरं. वीस-बावीस वर्षांत त्याला कोणी रंग विचारला नाही.

बायजाला मात्र कळलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या डोहाळजेवणाला त्याने स्वतः बाजारात जाऊन हिरवं लुगडं आणलं. घडी मोडून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"यो कनचा रंग हाय?"

"हिरवा. कं गं?"

मातीच्या रंगाचं ते लुगडं नेसून ती पाटावर बसली. बायका कुजबुजल्या तेव्हा आपलीच आवड असल्यासारखी ठसक्यात म्हणाली, "मनाच आवरतं यो रंग." त्या रात्री त्याने तिला ठिपक्यांच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. तिने ती पुन्हा कधी काढली नाही, कुणाला सांगितलीही नाही. फक्त बाजारात टोमॅटो घेताना ती पुढे व्हायची.

त्याच्या कारखान्यातले लूम भंगारात गेले तेव्हा चांगदेव पूर्ण्याच्या एका ऑनलाइन मालाच्या गोडाऊनमध्ये मशीन दुरुस्तीला लागला. तिथे परत आलेल्या मालात एक फुटका खोका निघाला, त्यात असंच एक छोटं इंजिन होतं. सुपरवायजर म्हणाला, "ले जाओ चाचा, बच्चे को दे देना." घरी आणून त्याने खिडकीतून आत पाहिलं. ज्या जागेवर बसण्यासाठी त्याने एवढा अभ्यास केला होता, ती जागा तिथे नव्हतीच. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं प्लॅस्टिक घेतलं आणि ब्लेडने सीट कापायला बसला. खऱ्या इंजिनात तो आयुष्यात एकदाही चढला नव्हता. मुलीने त्याच्या कामाचा फोटो फेसबुकवर टाकला, तिथून ओक साहेब आले आणि त्यांच्यामागून आणखी चार-पाच जण.

रंगाचं काम बायजा बघायची. तांदूळ निवडता निवडता मोबाइलमधला फोटो ती डोळ्यांजवळ धरायची.

"सीट कनची?"

"विटंवानी. जराशी कालपट."

"आनि बटन?"

"एक हलद, एक कारलं."

बाटल्यांवर तिने आपल्या चौथी पास अक्षरात चिकटपट्ट्या लावल्या होत्या. हळद, कारलं, वीट, डांबर. इंजिनाबद्दल तिला काडीचं घेणं नव्हतं. "नवरा म्हातारपनी भावल्या खेलतंय," असं ती शेजारणीला सांगायची. पण रंग सांगायला बसली की ताट बाजूला ठेवायची.

गेल्या कार्तिकात ती गेली. आठ दिवस तापाचं निमित्त झालं. त्यानंतर चांगदेवने चार महिने टेबलाला हात लावला नाही. जुने रंग बाटल्यांत सुकून गेले. नव्या बाटल्या मागवल्या, तर त्यांवर इंग्रजीत बारीक नंबर. दुकानाच्या यादीवरून नंबर जुळवून त्याने ओक साहेबांची सीट रंगवली होती. दोन नंबरांत गल्लत झाली, एवढंच.

इंजिन परत आलं. छप्पर काढून तो सीटकडे पाहत राहिला. त्याला ती चांगलीच दिसत होती. शेवटी त्याने फोटो काढून मुलीला पाठवला. मेघाली कळव्याला राहायची. त्याने लिहिलं, "सीट कनच्या रंगाची हाय, सांग."

तिचा लगेच फोन आला. "बाबा, हे काय विचारताय? हिरवी आहे ना. तुम्हाला दिसत नाहीये का?"

"दिसतंय गं. सहज विचारलं."

"सहज काय? मोतीबिंदू असणार. मी रविवारी येते, डॉक्टरकडे जाऊ."

तो नको म्हणाला. ती आलीच.

धामणकर नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर दवाखाना होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. "मोतीबिंदू अगदीच कोवळा आहे, काळजी नको," म्हणाल्या. मेघालीने रंगाचं सांगितलं तेव्हा त्यांनी खणातून एक पुस्तक काढलं.

चांगदेवने ते ओळखलं. ठिपक्यांचं पान समोर आलं.

"काय दिसतं, काका?"

खोटं बोलता आलं असतं. उत्तर त्याला सदतीस वर्षांपासून पाठ होतं. मेघाली त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"एकवीस," तो म्हणाला.

"बाबा, चौऱ्याहत्तर आहे," मेघाली हसून म्हणाली. आणि मग तिचं हसू थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हे दुखणं नाही. जन्मापासूनचं असतं, लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो. औषध नाही, पण बिघडतही नाही. मग त्यांनी मेघालीला विचारलं, "तुम्हाला मुलगा आहे का?"

"आहे. आठ वर्षांचा."

"त्यालाही एकदा तपासून घ्या. आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे उतरू शकतं. तुम्हाला स्वतःला त्रास होत नाही. घाबरू नका, फक्त शाळेत सांगून ठेवायचं."

जिना उतरून दोघं खाली आली. नाक्यावर रिक्षा, टेंपो एकमेकांत अडकून हॉर्न मारत होते. मेघाली बंद दुकानाच्या पायरीशी थांबली.

"आईला माहीत होतं?"

"हाव."

"आणि मला नाही."

चांगदेव एका टेंपोला वाट देत पायरीकडे सरकला.

"गेल्या महिन्यात माझ्या मुलाने झाडाची पानं चॉकलेटी रंगवली. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, लक्ष देत नाही म्हणून. मी त्याला परत रंगवायला बसवलं. त्याने परत चॉकलेटीच केली." तिने पर्स घट्ट धरली. "मी मारलं त्याला, बाबा. मला वाटलं, मुद्दाम करतोय. दोनदा मारलं. तो सारखा म्हणत होता, आई, हिरवाच आहे."

"मला म्हाईत नव्हतं गं, पोरात उतरतं म्हणून."

"उतरतं हे नव्हतं माहीत. पण तुमचं तर माहीत होतं ना? एकदा बोलला असतात तर मी विचार केला असता. घरात काय लपवायचं असतं एवढं?"

त्याला अर्धा इंच सांगावासा वाटला, पेढे सांगावेसे वाटले. पण ते सगळं इतकं जुनं झालं होतं की या रस्त्यावर काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, त्याला कळलं नाही. ठाण्याची शेअर रिक्षा भरत आली होती. "बीपीची गोळी वेळेवर घ्या," एवढं म्हणून ती बसली. रिक्षा टेंपोमागे दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. मग चालतच कामतघरला आला.

दुपारी त्याने ओक साहेबांना फोन लावला. बोलायच्या आधी खुर्चीत ताठ बसला.

"साहेब, लाइट गेली न्हवती. मला लाल-हिरवं कळत न्हाय. पहिल्यापासून."

"अहो, पण अकरा वर्षं तुम्ही..."

"बायको सांगायची. ती गेली कार्तिकात."

"बोलला नाहीत कधी."

"इंजिनाच्या कामात ते काय सांगायचं?"

ओक साहेब घसा खाकरून म्हणाले, "चांगदेवराव, राहू द्या ती हिरवीच. कुठल्यातरी शेडने बसवली असेल एखाद्या इंजिनात हिरवी सीट. मला चालेल."

"मला न्हाय चालणार," चांगदेव म्हणाला. "तुम्हाला कॅमेऱ्यात बाटल्या दाखवतो. मरून कनची तेवढं सांगा."

ओक साहेबांनी व्हिडिओ लावला. एकेक बाटली तो कॅमेऱ्यासमोर धरत गेला आणि ते "नाही, नाही" म्हणत गेले. सातवीला म्हणाले, "ही." चांगदेवने ती वेगळी ठेवली, पेनाने तिच्यावर मोठी फुली मारली. मग चिमट्याने सीट सोडवली, जुना रंग खरवडला, दोन हात दिले आणि वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बसवून छप्पर लावलं. बुधवारी कुरियरवाला येऊन खोका घेऊन गेला.

मेघालीचा फोन आला नव्हता. सोमवारी आला नाही, मंगळवारीही नाही. त्याने दोनदा तिचा नंबर काढला आणि फोन परत ठेवून दिला. तिने पोराला तपासून आणलं असेल की नाही, तो विचार करत राहिला. पोराशी कसं बोलली असेल? त्याला जवळ घेतलं असेल का?

गुरुवारी दुपारी टेबल पुसत असताना मोबाइल वाजला. मेघालीचा मेसेज होता. दोनच शब्द. "बाबा, जेवलात?"

तीन वाजत आले होते. एका बोटाने अक्षर अक्षर शोधत त्याने लिहिलं, "हो, जेवलो." पाठवलं. पलीकडे तिने वाचल्याची खूण उमटेपर्यंत तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग उठला, डब्यातून एक वाटी तांदूळ काढले आणि धुवायला मोरीशी गेला.