रोज पाऊण तास उशीर

"महिपत, ही काल रात्रीची एक पन्नासची नोंद कुणाची?" उत्तमरावांनी रजिस्टरच्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि चष्म्यावरून वॉचमनकडे पाहिलं.

महिपत चहाचा ग्लास विसळत होता. "बी विंगची समिधा, साहेब. गिरिजाताईंची पोरगी. आजीकडे जाते म्हणाली."

"वय सोळा. सोबत पालक कोण?"

"कोणी नाही. आईला हॉस्पिटलात नाइट ड्यूटी असते ना."

"मग गेट उघडलं कसं?"

महिपतने ग्लास उपडा ठेवला. उत्तमरावांनी खिशातून लाल पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उशिरा' असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. ते त्यांचं नेहमीच सुरेख असे, विशेषतः लाल शाईत.

भाईंदरमधल्या गोडदेवच्या त्या सोसायटीत रात्रीच्या बंदीचा नियम उत्तमरावांनीच केला होता. गेल्या दिवाळीत पोरं रात्री दोन-दोनपर्यंत गेटबाहेर बाइकवर बसून गोंधळ घालत, म्हणून कमिटीने त्यांना साकडं घातलं. त्यांनी एका बैठकीत मसुदा लिहून दिला: अठरा वर्षांखालील मुलांना रात्री अकरा ते पहाटे साडेचार आई किंवा वडील सोबत असल्याखेरीज गेटबाहेर जाता येणार नाही. रजिस्टरचे रकानेही त्यांनी स्वतः आखले. अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या टाइम ऑफिसात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. कोण किती वाजता आलं, कुणाला लेट मार्क, कुणाला मेमो, हेच त्यांचं आयुष्य. हे वर गेले की आधी तिथलं मस्टर तपासतील, असं त्यांच्या पत्नी मनोरमाबाई चारचौघांत सांगत.

सेक्रेटरी अल्पेशभाई स्कूटर काढता काढता थांबले. "उत्तमभाई, ये लडकी का क्या करना है? शनिवारच्या मीटिंगमध्ये फायनल करून टाकू. आईला नोटीस, आणि गेट उघडला तर महिपतची ड्यूटी बंद. रूल तुम्हीच बनवलाय."

"मी सगळ्या नोंदी काढून देतो," उत्तमराव म्हणाले.

दुपारी जेवण झाल्यावर ते रजिस्टर घेऊन बसले. समिधाच्या नोंदी एका कागदावर उतरवायच्या, मीटिंगमध्ये वाचायच्या, एवढंच काम. काल रात्री एक पन्नास. त्याआधी दहा दिवस काहीच नाही. त्याआधी चार नोंदी: एक पन्नास, दोन पस्तीस, तीन वीस, चार पाच. त्यांनी आणखी पानं मागे उलटली. पुन्हा दहा-अकरा दिवस कोरे, आणि पुन्हा तेच. एक पन्नास, दोन पस्तीस, तीन वीस, चार पाच. क्वचित पाच मिनिटं इकडेतिकडे.

उत्तमरावांनी पेन खाली ठेवलं. उशीर म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माणसं कशीही उशिरा येतात. बस चुकते, पोर आजारी पडतं, कुणी रात्री जास्त घेतलेली असते. पण रोज बरोबर पाऊण तास उशीर करणारा माणूस त्यांना पस्तीस वर्षांत भेटला नव्हता.

"मनोरमा, काल काय होतं गं?"

"एकादशी. माझी साबुदाण्याची खिचडी खाल्लीत आणि वर मीठ कमी आहे म्हणालात."

"आणि त्याच्या आधी, दोन आठवड्यांपूर्वीचा हा बुधवार?"

मनोरमाबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "हीसुद्धा एकादशीच. का हो, तुम्ही धरणार आहात का उपास?"

उत्तमरावांनी रजिस्टरवर पुन्हा पट्टी ठेवली. दर एकादशीच्या रात्री ही पोरगी पावणेदोनच्या पुढे बाहेर पडते आणि मग पौर्णिमा किंवा अमावस्येपर्यंत रोज पाऊण तास पुढे सरकते. तिचं काही वावगं चाललंय असं सकाळपर्यंत त्यांनाही वाटत होतं. पण इतक्या शिस्तीने कुणी वावगं वागत नाही. त्यांच्या हिशोबाने आज रात्री ती दोन पस्तीसला यायला हवी होती.

सव्वादोनला ते स्वेटर चढवून महिपतच्या केबिनमध्ये जाऊन बसले. मनगटावर निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ होतं. दोन चौतीस झाले आणि बी विंगचा लोखंडी दरवाजा वाजला. समिधा आली. शाळेची जुनी ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात झाकणाची बादली, कपाळाला पट्ट्याने बांधलेली बॅटरी. गेटपाशी ती पोचली तेव्हा घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

त्यांना पाहून ती थांबली. "काका, नोटीस देणार आहात ना? द्या. पण सकाळी द्या. आता उशीर झाला तर पाणी फिरेल."

"कसलं पाणी?"

"खाडीचं. आजीबरोबर चिंबोऱ्या आणि निवट्या मासे धरायला जाते मी. पाणी उतरलं की चिखलात सापडतात."

"मग रोज पाऊण तास उशिरा का?"

"ते मी नाही ठरवत काका." तिने बादली खाली ठेवली आणि बोटांवर मोजल्यासारखं केलं. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज तेरस. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती, म्हणजे सहा तासांनी पावणेचारला पूर्ण ओहोटी. उद्या तिथी एकाने वाढली की पाणी पाऊण तास पुढे. पौर्णिमा-अमावस्येनंतर ओहोटी उजाडल्यावर येते, तेव्हा आजी एकटी जाते; पुढे दशमीपर्यंत पाणी जास्त ओसरतच नाही, म्हणून जात नाही आम्ही."

"हे शाळेत शिकवतात?"

"आजीने शिकवलं. तिला लिहिता येत नाही."

नियम आठवल्यासारखं उत्तमरावांनी विचारलं, "पण आजीने एकटीने जावं की. तुझं काय काम?"

समिधाने महिपतकडे पाहिलं. महिपत म्हणाला, "सांग त्यांना."

"तिला काचबिंदू झालाय. रात्री काही दिसत नाही. मी नाही गेले तरी ती जातेच, ऐकत नाही. शिमग्याच्या आधी एकदा गेट बंद होतं, मी इथेच उभी होते रडत. ती एकटी गेली आणि कमरेपर्यंत रुतली. पाणी चढायला लागलं होतं. गावातल्या माणसांनी दोरी टाकून काढलं तिला. तेव्हापासून महिपतकाका उघडतात गेट."

ते गेट कुणाच्या नियमाने बंद होतं, हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. उत्तमरावांना स्वतःचं ते सुरेख अक्षर आठवलं आणि त्यांना फार लाज वाटली.

"चल," ते म्हणाले. "मी येतो सोबत."

इमारतींच्या मागे गोडदेवचं जुनं गाव होतं. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एका बैठ्या घराच्या ओट्यावर शेवंती आजी तयारच बसली होती. गुडघ्यापर्यंत कासोटा, कमरेला टोपली. पावलांच्या आवाजाने तिने मान वळवली.

"कोन हाय गो बरूबर?"

"सोसायटीचे काका."

"तेच का, गेटवाले?"

"हो, तोच मी," उत्तमराव म्हणाले.

"ये मंग. चपला हातान घे."

मिठागरांच्या बांधावरून तिघं खाडीवर आली. उत्तमरावांना भाईंदरला येऊन चोवीस वर्षं झाली होती. खाडी म्हणजे उन्हाळ्यात येणारा वास, एवढीच त्यांची तिच्याशी ओळख. संध्याकाळी फेरफटका मारताना जिथे पाणी लागायचं, तिथे आता पाणीच नव्हतं. चांदण्यात दूरवर चिखल चमकत होता, आणि इतक्या मोठ्या जागेतून कुणी न सांगता, भोंगा न वाजवता, सगळं पाणी निघून गेलं होतं. चिखलात बारीक टिकटिक चालली होती. हजारो भोकांतून काहीतरी श्वास घेत होतं. ते बांधावर नुसते उभे राहिले. हे रोज होत होतं, आपण झोपलेले असताना, आपल्या घरापासून वीस मिनिटांवर, हे त्यांना खरं वाटेना.

समिधा चिखलात उतरली. आजीचा हात तिच्या खांद्यावर होता, पण वाट आजीच सांगत होती. डावीकडे मऊ आहे, तिकडे नको. पुढे दगड आहे. या बिळात आहे बघ, घाल हात. समिधाने हात घातला आणि हिरवट, तळहाताएवढी चिंबोरी बाहेर काढली. न पाहता आजीने तिच्या नांग्या सुंभाने बांधल्या.

थोड्या वेळाने आजी एका कडेला, घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बोलणं बंद झालं. समिधाही थांबली.

"उबा ऱ्हायला पानी," आजी म्हणाली.

कुणी हललं नाही. मग आजीने पाय किंचित उचलून पुन्हा टेकवला. "आता फिरला. चल गो, बादली उचल."

उत्तमरावांनी मनगट चांदण्यात धरलं. तीन पंचेचाळीस झाले होते.

परतताना ते आजीच्या मागून चालत होते. तिने विचारलं, "तू काय काम करत व्हतास?"

"कामगार किती वाजता आले ते लिहायचो."

"नि उशीर झाला त?"

"लाल शाईने लिहायचो."

आजी हसली. "माज्या जल्मान पानी कंदी उशिरा आयला न्हाय."

तेव्हा त्यांना रामनाथ आठवला. पॅकिंग विभागातला, खाडीकाठच्या कुठल्याशा गावातून येणारा. दहा दिवस अगदी वक्तशीर, आणि मग ओळीने तीन-चार दिवस उशीर. 'साहेब, पाणी उशिरा उतरलं' असं तो सांगायचा आणि सगळं टाइम ऑफिस खो खो हसायचं. उत्तमरावही हसले होते. तिसऱ्या मेमोनंतर रामनाथ कामावर आला नाही. त्याच्या नावावर शेवटची आडवी रेघ त्यांनीच मारली होती. तेव्हा त्यांनी त्या वेळा एकाखाली एक लिहून पाहिल्या असत्या तर? समोरच होत्या. ते थांबून बांधावर टेकले, तेव्हा समिधा मागे आली आणि तिने न विचारता त्यांच्या हातातल्या चपला स्वतःकडे घेतल्या.

शनिवारच्या मीटिंगमध्ये अल्पेशभाईंनी विषय काढला आणि सगळ्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. ते उभे राहिले. "नियम मी चुकीचा लिहिला होता," ते म्हणाले. "आई किंवा वडील, एवढंच लिहिलं. 'सोसायटीचा जबाबदार सदस्य' हे राहून गेलं. ते घालावं अशी माझी सूचना आहे. सदस्य मी."

"उत्तमभाई, रात को दो बजे तुम्ही उठणार?"

"उठेन. आयुष्यभर साडेचारला उठलोय."

"आणि कधी यांचे गुडघे दुखले तर मी जाईन," मागच्या रांगेतून मनोरमाबाई म्हणाल्या. "मला तिथी पाठ असतात."

यावर थोडी कुजबुज झाली, कुणीतरी खाडीवरच्या साप-विंचवांबद्दल बोललं, पण विषय मंजूर झाला. महिपतने सगळ्यांना चहा दिला.

पौर्णिमेच्या पहाटे चारला उत्तमराव केबिनपाशी आले. खांद्यावर टॉवेल, हातात घरातली जुनी बादली. चार पाचला समिधा खाली आली. महिपतने रजिस्टर पुढे केलं. तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'सोबत पालक' या रकान्यात उत्तमरावांनी सही केली.

शेऱ्याचा रकाना उरला. सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला. ते त्यांनी परत खिशात ठेवलं, महिपतकडून निळं पेन मागून घेतलं, आणि पस्तीस वर्षांत एकदाही न लिहिलेला शब्द सावकाश, सुरेख अक्षरात लिहिला: 'वेळेवर'.

मग चपला काढून हातात घेतल्या.