समुद्राच्या तळाची शिडी

सभाघरात चटईचा कोपराही मोकळा नव्हता. म्हातारे पुढे, बाया मागे, पोरं खिडक्यांत लोंबकळलेली. शाळेच्या प्रोजेक्टरनं पांढऱ्या चादरीवर फोटो उमटवला आणि अख्ख्या वाइनिदोगो गावाच्या तोंडून एकच उसासा निघाला.

चादरीवर आमचा समुद्र होता. जांभळं प्रवाळ, केशरी प्रवाळ, मध्ये निळ्या माशांची झुंबड, जणू कुणी तळाशी बाग शिंपून ठेवली होती.

"डोळे भरून बघा!" बाहेरगावाहून आलेला मांत्रिक नेतानी गरजला. पांढरा सदरा, गळ्यात कॅमेरा. "माझ्या मंतरलेल्या पाण्याची एक बाटली ओतली, आणि मेल्या दगडाला पालवी फुटली! कोपऱ्यात बघा, काय दिसतं?"

कोपऱ्यात प्रकाशाच्या फिकट आडव्या पट्ट्या होत्या, एकावर एक.

"शिडी!" बाया पुटपुटल्या.

"स्वर्गाची शिडी! आणि मधली एक पायरी गळालेली दिसते ना? ती तुमच्या अविश्वासानं गळाली. आजचा शहाणा म्हणेल, नेतानीनं यंत्रावर रंग भरले. मास्तर, तुम्हीच वाचा खूण!"

मला उठावं लागलं. हल्लीच्या काही कॅमेऱ्यांत फोटोला जन्मखूण लागते. ती उघडली की फोटो कुठल्या कॅमेऱ्यानं, कधी, कुठे काढला, मागाहून त्यात कुणी हात घातला का, ते कळतं. शाळेत मी पोरांना ती बघायला शिकवलंच होतं. मी वाचलं, "याच कॅमेऱ्यातून. गुरुवारी सकाळी. वाइनिदोगो. नंतर काहीही बदल नाही."

टाळ्या कडाडल्या. माझ्याच तोंडून शब्द गेले, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. तरी मेला दगड एका बाटलीनं फुलतो, हे मला पटेना.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी तापलं आणि खडकावरचं प्रवाळ हाडासारखं पांढरं पडलं. आमचे सरदार, रातू वाइसाके यांनी तिथे खांब रोवून ताबू घातला, म्हणजे देवाची बंदी. समुद्र बरा होईस्तोवर कुणी जाळं टाकायचं नाही, पाऊलही ठेवायचं नाही. तेव्हापासून शाळेतली पोरं डब्यातले मासे खातात. आता प्रवाळाची पिल्लं कुठे जरा मूळ धरू लागली असतील, तर नेतानीनं धक्क्याला मासळीवाल्याची बर्फाची बोट आणून उभी केली होती. पाण्याच्या मोबदल्यात पहिली मासळी नेतानीची, असं ठरलेलं. एकदा जाळी पडली की पुढची दहा वर्षं पोरांनी डबेच चाटायचे.

रातू म्हणाले, "शनिवारी ताबू उठवू."

"रातू," मी हात जोडले, "आधी कुणीतरी पाण्यात उतरून बघितलं तर?"

"ताबूत पाय?" मकेरेता बुबू फणकारली. बुबू म्हणजे आजी, आणि ही तर गावाचीच आजी. "मास्तर, पाय सुजून भोपळा होईल! खांबांच्या आत जायची मुभा फक्त नेतानीला. त्यानं बघितलं, फोटो आणला. अजून काय हवंय तुम्हाला?"

हीच तर गोम होती! लाटेचा आवाज कानात घुमतोय, आणि गाव समुद्र बघतंय चादरीवर. वर सरदारांसमोर उलट बोलणं म्हणजे अपमान. मी खाली बसलो.

तेवढ्यात मागून खदखदून हसू आलं. दवाखान्यातली नर्स, सेरुवाया.

"कोण हसतंय?" नेतानी.

"मी, तुझ्या तौवूतली! तू नुकुवेसीचा ना रे, चोरांच्या राजा?"

सभा खुलली. दोन गावांचे मूळपुरुष भाऊ-भाऊ असले, की ती गावं एकमेकांची तौवू. तौवूनं तौवूला भर सभेत शिव्या द्याव्यात, टोपी पळवावी, आणि समोरच्यानं हसत सोसावं. रागावला तर त्याचीच लाज जाते. सेरुवायाचं माहेर नेतानीच्या गावाचं तौवू, म्हणून जिथे माझी जीभ बांधलेली, तिथे तिची मोकळी.

"तौवू, तुझी शिडी फार आवडली मला," ती पुढे येत म्हणाली. "कालच बघितली मी ती. तुला ताप होता म्हणून पाहुणघरात गोळी द्यायला आले, तेव्हा. तुझ्या पलंगासमोरची खिडकी, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. मधली एक पट्टी फुटलीये, तिथे फळी ठोकलीये. तीच का रे गळालेली पायरी?"

नेतानी हसला, पण ओठांनीच. "चेष्टा करते बघा!"

"चेष्टाच करणार! आण तो कॅमेरा." तिनं तो त्याच्या गळ्यातून काढलाही. तौवूला नाही म्हणता येत नाही. "बुबू, तुझ्या पिशवीतला माशाचा डबा दे."

डब्याच्या चकचकीत कागदावर निळ्या लाटेतून उडी मारणारा मासा होता. सेरुवायानं डबा खिडकीसमोर धरला, कॅमेरा अगदी जवळ नेला, आणि चाप दाबला. मी फोटो चादरीवर लावला. लाट, मासा, आणि लाटेवर या सभाघराच्या खिडकीच्या पट्ट्यांचं प्रतिबिंब, धडधडीत शिडी!

"वाचा मास्तर, खूण!"

"याच कॅमेऱ्यातून. आज. वाइनिदोगो. काहीही बदल नाही."

खिडकीतली पोरं किंचाळली, "डब्यातला मासा जिवंत झाला!"

"यानंही तेच केलं," सेरुवाया म्हणाली. "दुसऱ्याच कुठल्या समुद्राचं चित्र, चकचकीत कागदावरचं. खिडकीसमोर भिंतीला टेकवलं आणि त्याचा फोटो काढला. कॅमेरा बिचारा खरंच बोलला. त्याच्यापुढे समुद्र होता की कागद, हे त्याला कुणी विचारलंच नाही."

"तुमच्या या हसण्यानं समुद्र पुन्हा पांढरा पडेल!" नेतानी ओरडला. तौवूवर चिडला, तिथेच अर्धी सभा त्याच्या हातून गेली.

अर्धीच. उरलेल्या अर्धीतून बुबू म्हणाली, "फोटो खोटा असेल बाई, पाणी तर खरं असेल की!"

रातू उठले. "ताबू मी घातला. मीच बघतो." ते तडक पाण्यात शिरले, पोहत खांबांपलीकडे गेले, बुडी मारली. अवघं गाव वाळूत उभं. बायांच्या ओठांवर जुनं गाणं आपसूक आलं:

*समुद्रा रे बापा, किती देशील उसनं,*
*थांब म्हणता कळेना, माझं माणूस हे असं.*

रातू वर आले. नाकातोंडातून खारं पाणी गळत होतं. "पांढरं आहे. फटींत नखाएवढी पिल्लं आहेत. ताबू राहील."

माझा जीव भांड्यात पडला. बर्फाची बोट रिकामी वळली, नेतानी तिच्यातच. आणि मागून बुबूचा आवाज, "रातू, फोटो काढलात का हो?"

बंधूंनो, भगिनींनो, कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं! फोटोवरची खूण जरूर बघा. ती कामाची आहे, पुष्कळ लबाडी तिच्यानं पकडली जाते. पण फोटो कुठल्या कॅमेऱ्यानं, कधी, कुठे काढला, मागाहून बदलला का, एवढंच ती सांगते. कॅमेऱ्यासमोर काय धरलं होतं, धरणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं, आणि बाकीच्यांना तिथे जायला बंदी का, हे विचारायचं काम तिचं नव्हे. ते आपलं. आणि समुद्र दाराशी असेल, तर पाय ओले करा.